चिठ्ठीवर उणे ९, पण नजर जोडावर : थंडी सोसणाऱ्या ॲव्होकाडो कलमांची पारख

टेक्ससच्या नर्सऱ्यांमध्ये थंडी ओसरू लागली की ‘कोल्ड हार्डी’ ॲव्होकाडोची कलमं मांडली जातात. जोई, लायला, फँटॅस्टिक, ब्राझोस बेल, मेक्सिकोला ग्रांदे. पाच गॅलनची काळी कुंडी, कंबरेएवढं कलम, आणि बांबूला लटकवलेली चिठ्ठी : १५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ९ सेल्सिअसपर्यंत तग धरतं. ह्यूस्टन, कॅटी, शुगरलँडपासून सॅन अँटोनियो-ऑस्टिनपर्यंत परसात जागा असलेल्या मराठी घरांसाठी ही पारख आहे. कलम जरूर घ्या. फक्त चिठ्ठीवर विसंबून घेऊ नका, कलमाचा जोड बघून घ्या.

चिठ्ठीवरचा आकडा खोटा नाही, पण तो कुंडीतल्या रोपाचा नाही. जून खोडाचं, जमिनीत चांगलं रुजलेलं झाड, थंडी हळूहळू वाढत गेलेली, आणि पारा तळाला काही तासच टेकलेला, अशा सगळ्या अटी जुळल्या तर तो आकडा लागू होतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत पेन्सिलीएवढ्या जाड खोडाला २८ ते ३० फॅरनहाइटलाच इजा होते. कोवळी पालवी आणि मोहोर तर त्याही आधी काळवंडतात. साल पातळ, लाकूड कमी, त्यामुळे दिवसभराची ऊब साठवायला जागाच नसते. म्हणून या कलमाला सुरुवातीचे तीन हिवाळे साध्या हास ॲव्होकाडोइतकंच जपावं लागतं. जातीचा गुण दिसतो तो त्यानंतर.

आता जोड. जमिनीपासून वर बघत गेलात की खोडाला एक बाक किंवा गाठ दिसते, सालीचा रंगही तिथे बदलतो. त्याच्या वर जोई, खाली खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधलंय ते दुसरं झाड. हा जोड मातीपासून १० ते २० सेंटिमीटरवर असेल तर कलम उत्तम. ३५-४० सेंटिमीटरवर असेल तर कलम दुकानातच सोडा, कारण हिवाळ्यात जोडावर मातीची भर घालता यायला हवी. थंडीने कलम जोडाच्या खालपर्यंत मेलं, तर वसंतात जोमाने फुटणारे हिरवे धुमारे जोईचे नसतात, खुंटाचे असतात. ते कौतुकाने पाच वर्षं वाढवून शेवटी फळच वेगळं निघालं, ही या झाडाबाबत वारंवार होणारी फसगत आहे.

खुंट कोणता, हेही विचारा. फ्लोरिडाकडून येणाऱ्या कलमांना बहुधा वाल्डिनसारख्या वेस्ट इंडियन जातीचा खुंट असतो. तो खारं पाणी आणि चुनखडीची माती चांगली सोसतो, थंडी मात्र मुळीच नाही. मेक्सिकन खुंटाचं नेमकं उलटं : थंडीला काटक, क्षारांना नाजूक. ऑस्टिन-सॅन अँटोनियोकडच्या चुनखडीच्या भागात वेस्ट इंडियन खुंट वाईट नाही, पण मग मातीची भर चुकवून चालणार नाही. दुकानदाराला खुंटाचं नाव सांगता येत नसेल, तर सगळ्यात खाली जोड असलेलं कलम निवडा.

जात खरी की नाही हे पाहायला एक जून पान चुरगळून नाकाशी धरा. मेक्सिकन वंशाच्या पानाला स्वच्छ बडीशेपेचा वास येतो. मेक्सिकोत ही पानं काळ्या घेवड्याच्या उसळीसारख्या पदार्थात घालतात ती याच वासासाठी. हासच्या पानाला असा घमघमाट नसतो. पान खुंटाच्या फुटव्याचं नाही, जोडाच्या वरचं आहे, एवढं मात्र बघून घ्या.

कुंडीतून मुळांचा गड्डा हलकेच सरकवून बघायची परवानगी मागा. उमदी दुकानं देतात. पांढुरकी, क्रीम रंगाची बारीक मुळं म्हणजे झाड निरोगी. काळी, ठिसूळ, बोटात चुरणारी मुळं म्हणजे मूळकूज, आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूची ही कूज विकत घेऊन घरी आणली की मातीतून जात नाही. पानांची टोकं करपलेली असतील तर क्षार साचलेत. ते भरपूर पाण्याने धुऊन निघतात, तेवढ्यावरून कलम नाकारू नका. लहानशा कलमाला दोन फळं लटकलेली दिसली तर भुलू नका. घरी आणून ती आधी काढून टाका.

जातींमध्ये पहिली पसंती जोईला. जांभळं-काळं, कागदासारख्या पातळ सालीचं, तेलकट गराचं फळ. लायला हिरवी, झाड आटोपशीर, लहान परसाला सोयीची. फँटॅस्टिक थंडीला सगळ्यांत काटक म्हणून विकली जाते, पण तिची साल इतकी नाजूक की फळ पेटीत घालून कुणाला पाठवायची सोय नाही. झाडावरून उतरवायचं, पाच ते आठ दिवसांत मऊ झालं की खायचं. ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही, उतरवल्यावरच पिकतं. मेक्सिकोला ग्रांदेचं फळ लहान, बी मोठी, चव सुरेख. हास मात्र या भागात उघड्यावर लावू नका. ओपल आणि लायला ही एकाच झाडाची दोन नावं आहेत, विल्मा आणि ब्राझोस बेलही एकच. जोडी म्हणून तेच झाड दोनदा गळ्यात पडू देऊ नका.

जोडी कशाला? ‘ए’ प्रकारचं फूल सकाळी मादी म्हणून उमलतं, मिटतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून उघडतं. ‘बी’ प्रकारचं दुपारी मादी, दुसऱ्या सकाळी नर. लायला आणि मेक्सिकोला ग्रांदे ‘ए’, जोई ‘बी’. थंड हवेत वेळापत्रक ढासळतं, त्यामुळे एकट्या झाडालाही फळं धरतात, पण दोघं शेजारी असली तर भरघोस धरतात. बजेट एकाचंच असेल तर एकावर थांबा, आणि उरलेले पैसे मातीवर घाला.

कारण ही झाडं थंडीपेक्षा जास्त मरतात ती ओल्या मुळांनी. ऑस्टिन-डॅलस पट्ट्यातली काळी माती आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या रेगूरच्याच कुळातली : पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात खड्डा खणून भुसभुशीत खतमाती भरली की त्या खड्ड्याचं टाकं होतं, आणि झाड त्यात उभं बुडतं. खड्डा करूच नका. ३० ते ४५ सेंटिमीटर उंच आणि मीटर-सव्वा मीटर रुंद उंचवटा करा, गड्डा त्यावर बसवा, मुळं विस्कटू नका. वर जाड लाकडी भुश्श्याचं आच्छादन ७-८ सेंटिमीटर, खोडापासून वीतभर दूर. ॲव्होकाडोची अन्न शोषणारी मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, आच्छादन हेच त्यांचं घर. पाणी रोजचं शिंपण नको. बोटाने दोन इंच उकरून कोरडं लागलं तरच, आणि तेव्हा भरपूर. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत साधं फेरस सल्फेट वाया जातं, ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून ३० ते ५० टक्के सावलीचं जाळीचं कापड लावा. ऑगस्टनंतर नत्र बंद, नाहीतर ऐन थंडीत कोवळी पालवी घेऊन झाड उभं राहतं.

लावणीची वेळ मार्च, शेवटचा गारठा टळल्यावर. ऑक्टोबरमधल्या सेलमध्ये कलम निम्म्या किमतीला मिळालं तरी ते हिवाळाभर कुंडीतच ठेवावं लागतं.

हिवाळ्यात सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे माती. नोव्हेंबरअखेर जोडाच्या वीतभर वरपर्यंत खोडाभोवती कोरडी, स्वच्छ माती रचायची, मार्चमध्ये काढायची. राहिली तर साल कुजते. गारठ्याच्या रात्री बांबूंचा सांगाडा करून त्यावर कापड, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत, कडेला विटा. खोडाला आवळून लॉलीपॉपसारखं बांधलेलं कापड निरुपयोगी, कारण ऊब जमिनीतून वर येते आणि ती आत कोंडली पाहिजे. प्लास्टिक पानाला टेकलं तर पान तिथेच करपतं. आदल्या दिवशी माती भिजवा, ओली माती जास्त ऊब धरते. आत नाताळचे जुन्या पद्धतीचे सी-९ दिवे सोडा : ७ वॉटचे २५, म्हणजे १७५ वॉट. एलईडी माळ उजेड देते, ऊब नाही. दिवे कापडाला टेकू देऊ नका.

पण दिव्यांवर सगळा भरवसा नको. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात ह्यूस्टनला पारा १३ फॅरनहाइटवर आला आणि त्याच दिवसांत राज्यभर लाखो घरांची वीज गेली. अशा वेळी कापडाखालचे दिवे विझतात, मातीची भर मात्र आपलं काम करत राहते. वरचं सगळं वाळलं, तरी जोड मातीत सुरक्षित असेल तर झाड पुन्हा आपल्याच जातीचं फुटतं.

गारठा सरल्यावर कात्री लगेच हातात घेऊ नका. तपकिरी पानं लटकू द्या, ती खोडाला उन्हापासून आडोसा देतात. एप्रिलपर्यंत थांबा, मग नखाने साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसेल तिथवर फांदी जिवंत, कोरडं तपकिरी दिसेल तिथून कापा. उघड्या पडलेल्या खोडाला पांढरा लेटेक्स रंग निम्म्या पाण्यात कालवून लावा, आणि जोडाखालून आलेला प्रत्येक फुटवा बोटभर असतानाच मोडून टाका.