स्कीचे बूट : सोळा महिने, दोन हंगाम आणि बर्फाची वाट

२०२३ च्या दिवाळीत घेतलेले स्कीचे बूट वापरून मला आता सोळा महिने झाले. त्यातले खऱ्या अर्थाने बर्फावरचे दिवस अकरा. कोल्हापुरात राहून स्कीचं सामान विकत घ्यावं का, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून हा आकडा आधीच सांगून टाकतो. माझं मत असं : बूट स्वतःचे घ्या, बाकी सगळं भाड्याने. आणि गुलमर्गची तारीख बर्फ पडून चांगला बसल्याशिवाय ठरवू नका. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

त्याआधी दोन वेळा भाड्याच्या बुटांवर शिकलो होतो. शंभर पायांनी सैल केलेला बूट. टाच आत उचलायची, नडगी पुढे घासायची, संध्याकाळी पायमोजा काढताना डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून भाच्याच्या मागे लागलो. तो म्युनिकला असतो. त्याने फोनवर सगळं करून घेतलं : टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, अंगठ्यापर्यंतची लांबी मोजायची. माझी २६.३ सेंटिमीटर भरली, म्हणजे साइज २६.५. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : २६ आणि २६.५ या दोन्ही साइजना बाहेरचं प्लास्टिकचं कवच, म्हणजे शेल, एकच असतं. अर्ध्या साइजवर डोकं पिकवू नका. पंजाची रुंदी १०२ मिमी, फ्लेक्स, म्हणजे बुटाचा कडकपणा, ९०.

बूट हातात आल्यावर आधी लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, काढलं आणि रिकाम्या शेलमध्ये पाय घातला. बोटं पुढे टेकवली की टाचेमागे दीड-दोन बोटं जागा राहायला हवी, तेवढीच राहिली. मग रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास बकल लावून हॉलमध्ये उभा राहायचो. पंधरा दिवसांत लायनरने घोट्याचा आकार घेतला. बूट मस्त बसले, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. ते थोडं घाईचं होतं. आपल्याकडच्या उकाड्यात हे प्लास्टिक मऊ पडतं. घरात गुडघा सहज पुढे झुकत होता. तोच बूट गुलमर्गच्या थंडीत सकाळी फळीसारखा कडक झाला, पाय आत जाईना. रात्री बूट खोलीतच ठेवायचे, बाहेर किंवा गाडीत कधीच नाही, हे तिथे शिकलो.

आता तारखेचं. चिल्लई कलान म्हणजे काश्मीरचा कडाक्याचा चाळीस दिवसांचा काळ. तो २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेरपर्यंत चालतो. या दिवसांत पडलेला बर्फ टिकतो, म्हणून मी जानेवारी २०२४ चा दुसरा आठवडा धरला. विमान, राहायची सोय, शिकवणारा, सगळं नोव्हेंबरातच ठरवून मोकळा. भाचा म्हणाला होता, "मामा, बर्फ बघून तिकीट काढा. इथंसुद्धा लिफ्ट सुरू व्हायच्या तारखा पुढे जातात." मी ऐकलं नाही.

गेलो तर गुलमर्गचं कुरण तपकिरी. वाळलेलं गवत, वर लख्ख ऊन, आणि गंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारच्या, रांगेत स्वेटर काढून हातात धरलेले पर्यटक. पहिल्या टप्प्यावर, कोंगदूरीला, तीच गत. दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटच्या बाजूला, थोडा बर्फ दिसत होता, पण त्यातून दगड डोकं वर काढून होते आणि तो उतार माझ्यासारख्याचा नव्हेच. शिकवणारा गृहस्थ भला माणूस. म्हणाला, डिसेंबरपासून रोज सकाळी उठून आधी आभाळ बघतो. घोडेवाले, स्लेजवाले, भाड्याने सामान देणारे, सगळ्यांच्या वर्षाच्या कमाईचे दिवस कोरडे चालले होते. माझे पैसे बुडाले ते त्या मानाने काहीच नव्हे. तरी सांगायला हवं की राहायचे आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत आणि विमानाची तारीख बदलायला मूळ तिकिटाच्या जवळपास निम्मे मोजावे लागले.

तिथला हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी चक्रावातांमुळे. भूमध्य समुद्राकडून निघालेले हे झोत इराण-अफगाणिस्तानवरून येऊन हिमालयाला धडकतात. ते आले नाहीत, किंवा दुबळे आले, की थंडी असूनही बर्फ नाही. कृत्रिम बर्फ तरी बनवायचा, तर हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते, ओल्या फुग्याच्या (ओलं फडकं गुंडाळलेल्या) तापमापकावर साधारण उणे दोनच्या खाली, आणि पाणीही भरपूर लागतं. औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तशी यंत्रं बसवली होती. पण हवाच उबदार असेल तर यंत्र काय करणार.

खरं तर कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. जुलैत आपण सकाळी उठून आधी राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण नुसत्या फुटांवर कोणी सामान हलवत नाही. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, गगनबावड्याला पाऊस किती झाला, हे विचारल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही. बर्फाचंही तसंच. "काल वीस सेंटिमीटर पडला" ही बातमी वाचून मी उडी मारत होतो. पण गवतावर पडलेला ताजा वीस सेंटिमीटर बर्फ स्कीखाली दबला की बोटभरही उरत नाही. खाली जुना दाबलेला थर किती, पडल्यानंतर ऊन पडलं की थंडी टिकली, वारा सुटला का, हे विचारायला हवं. आता मी तिथल्या ओळखीच्यांना फोटो मागतो, तोही कुरणाच्या उतारावरचा, आणि काठी खुपसून. गंडोलाच्या वरच्या टोकाचा फोटो सगळ्यांना फसवतो.

या फेरीत बुटांचं जे झालं ते फारसं कोणी सांगत नाही. बर्फ नसल्यामुळे, कोंगदूरीच्या वर सावलीत राहिलेल्या एका पट्ट्यापर्यंत मी बूट घालून अर्धा-पाऊण तास दगड-मातीतून चालत गेलो. चार वेळा घसरून घेतलं, पाचव्यांदा भाड्याची स्की दगडावर खरवडली आणि थांबलो. घरी आल्यावर तळ पाहिला, तर उजव्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलेलं. माझं मशिनिंगचं काम शिवाजी उद्यमनगरात. व्हर्नियर लावला. या प्रकारच्या बुटाचं टोक १९ मिमी आणि टाच ३० मिमी जाड असते, त्यात एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. नवा होता तेव्हा टोक १९.१ होतं, आता १८.४. एका दिवसात. हे टोक बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवर बूट धरणाऱ्या पकडीत, अडकतं आणि पडताना वेळेवर सुटतं, म्हणूनच गुडघा वाचतो. तळ घासला की सुटण्याचा भरवसा जातो. म्हणून उघड्या जमिनीवर चालायला तळाला चढवायची रबरी टोपणं घ्या. मी ती नंतर मागवली, आधी मागवायला हवी होती.

त्या वर्षी बर्फ फेब्रुवारीत आला. मी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा गेलो आणि पाच दिवस स्की केलं. तेव्हा बुटांचं मोल कळलं. टाच जागची हलत नव्हती. मनात वळायचं आलं की स्की वळायला लागायची. तिसऱ्या दिवशी दुपारी, कुरणाच्या लांब उतारावर, पहिल्यांदाच न थांबता खालपर्यंत आलो आणि नडगी दुखत नव्हती. भाड्याच्या दुकानात बाइंडिंग लावतानाही काम सोपं : बुटाच्या बाजूला कोरलेली तळाची लांबी, ३०५ मिमी, दाखवायची, वजन-उंची-वय सांगायचं. दुकानदार अंदाजाने बाइंडिंगचा काटा (किती जोरावर सुटायचं ते) फिरवायला लागला तर थांबवा आणि आकडे पुन्हा सांगा.

तक्रार एकच, ती बुटांची नाही, आपल्या हवेची. २०२४ च्या जुलैत पंचगंगा धोक्याच्या पातळीवर होती, त्या ओलीत कपाटात ठेवलेल्या लायनरला बुरशीचे पांढरे ठिपके आले आणि दोन स्क्रूंना गंज. आता मे संपायच्या आत लायनर काढून सावलीत वाळवतो, शेलची बकलं सैलशी लावून ठेवतो म्हणजे आकार बिघडत नाही, आणि पोटमाळ्यावर हवेशीर जागी ठेवतो. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. पॉलियुरेथेन हे बुटांचं प्लास्टिक ओलसर हवेत वर्षांनी आतून ठिसूळ होत जातं. जुने बूट स्वस्तात मिळाले तर आधी हे बघा.

२०२५ ला मी आधीच शहाणा झालो होतो. खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीपासून होत्या, त्या बर्फाअभावी ९ ते १२ मार्चला गेल्या. मी तिकीट काढलंच नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ झाला, काठीचा फोटो आला, तेव्हा पुण्याहून विमान घेतलं. आयत्या वेळी महाग पडलं, तरी जानेवारीत बुडालेल्या पैशांपेक्षा कमीच. स्पर्धा संपल्यावर सहा दिवस मिळाले. दुपारनंतर बर्फ ओला व्हायचा, म्हणून सकाळी लवकर सुरू करून साडेबारापर्यंत आटपायचो.

परवा पुन्हा व्हर्नियर लावला. उजवं टोक १८.३. रबरी टोपणांनी वर्षभर राखलं. बूट अजून दोन-तीन हंगाम काढतील. पुढच्या वर्षीसाठी कारखान्यात भागीदाराला सांगून ठेवलंय, २० फेब्रुवारी ते १५ मार्च यातले आठ दिवस माझे, कोणते ते आठवडाभर आधी सांगीन. बॅग भरून ठेवायची, तिकीट नाही.