भरती-ओहोटीचा प्रोग्राम लिनक्सवरून विंडोजवर नेताना: सिगविन, डब्ल्यूएसएल की एमसिस२?

आमचा भरती-ओहोटीच्या पृथक्करणाचा प्रोग्राम सी आणि फोरट्रानमध्ये आहे, खाली लॅपॅक ही समीकरणं सोडवणारी लायब्ररी. रत्नागिरीच्या लॅबमध्ये तो लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतोय. मग मालवणच्या एका कॉलेजला तो हवा झाला. तिथली सगळी मशीन विंडोजची, बहुतेक चार जीबी रॅमची, आणि पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही. लिनक्सचा प्रोग्राम विंडोजवर चालवायच्या सिगविन, डब्ल्यूएसएल आणि एमसिस२ या तिन्ही वाटांनी मी जाऊन आलो आहे. याच पेचात कोणी असेल तर हा अनुभव उपयोगी पडेल.

सिगविन सर्वांत जुनं, १९९५ पासूनचं. युनिक्सची जी फंक्शन्स कोड मागतो, ती एका डीएलएलमधून, म्हणजे सोबतच्या लायब्ररी फाइलमधून, पुरवली जातात. कोडला फारसा हात न लावता तो पुन्हा कंपाइल होतो. पण विंडोजमध्ये फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून नवी सुरू करण्याची युनिक्सची सोय, नाही; सिगविनला त्याची नक्कल करावी लागते. कंपाइल करण्याआधी मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट शेकडो छोट्या प्रोसेस सुरू करते, त्यामुळे बांधणी (बिल्ड) फार रेंगाळते. तुमचं काम शेल स्क्रिप्टवरच उभं असेल तर ठीक, नाहीतर आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हे सुचवणार नाही.

डब्ल्यूएसएल ही विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय; तिच्यात खरं तर पोर्टिंग, म्हणजे कोड दुसऱ्या सिस्टिमसाठी बदलणं, करावंच लागत नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत विंडोजच्या पोटात खराखुरा लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) चालतो. आमचा प्रोग्राम तिथे एकही ओळ न बदलता बांधला गेला आणि आकडेही जुळले. एकच काळजी घ्या: डेटा लिनक्सच्याच फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइल तिथून वाचायला गेलात तर वेग पडतो. नेट कमी असेल तर एका मशीनवर सगळं बसवून एक्सपोर्ट करा आणि ती फाइल पेन ड्राइव्हने बाकीच्या मशीनवर इम्पोर्ट करा, आम्ही तेच केलं. अडचण मशीनची आहे. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं, तेही प्रत्येक मशीनवर. आणि चार जीबीतले दोनपर्यंत लिनक्सकडे गेले की मुलांच्या बाकीच्या कामाला उरतं काय?

एमसिस२ हा विंडोजवर कोड बांधायच्या साधनांचा संच; त्यातल्या मिंगडब्ल्यू या कंपायलरने बांधलं की अस्सल विंडोजची एक्झी (थेट चालणारी फाइल) मिळते. सोबत चार-सहा डीएलएल ठेवले की झालं, बसवायचं काहीच नाही. मेहनत मात्र इथेच सगळ्यात जास्त, आणि ती डोळ्यांत तेल घालून करावी लागते.

पहिल्याच दिवशी प्रोग्राम एकही निरोप न देता बंद पडला. एका फंक्शनच्या आत ७०० गुणिले ५०० चा डबल ॲरे (आठ बाइटी दशांश संख्यांचा तक्ता) होता, म्हणजे २८ लाख बाइट. असा ॲरे स्टॅकवर, म्हणजे फंक्शनसाठी राखलेल्या मर्यादित मेमरीत, बसतो; लिनक्सवर स्टॅक साधारण ८ एमबीचा मिळतो, विंडोजवर मुळात एक-दोन एमबीचाच. ॲरे हीपवर, म्हणजे मागून घ्यायच्या मोकळ्या मेमरीत, हलवला, प्रश्न मिटला. बायनरी फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडण्याची जुनी सवयही इथे नडली: २६ किमतीचा बाइट आला की विंडोजला वाटतं फाइल संपली.

तिसरी चूक जास्त घातक होती, कारण प्रोग्राम बंद पडतच नव्हता. पंधरा दिवसांच्या नोंदींवर चाचणी केली. चंद्राची १२.४२ तासांची लाट आणि सूर्याची १२ तासांची लाट वेगळी काढायला १४.७७ दिवस लागतात, म्हणून ही मुदत निवडली होती. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही बरोबर आले. पूर्ण महिन्याची नोंद दिली आणि लाटांचे सगळे कोन (फेज) बिघडले. आमच्याच कोडमध्ये वेळ मिलिसेकंदांत, लाँग या पूर्णांकात मोजलेली होती. लाँग लिनक्सवर ६४ बिटांचा, विंडोजवर ३२ बिटांचाच. त्याची कमाल २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २४ दिवस २० तास ३१ मिनिटं. त्यानंतर वेळ ऋण होत होती! सिगविनच्या ६४ बिटी आवृत्तीत लाँग ६४ बिटांचाच राहतो, म्हणून तिथे ही चूक दिसलीच नव्हती. प्रत्येक लाँग शोधून ठराविक ६४ बिटांचा पूर्णांक घातला. त्याने लिनक्सवरचा कोडही सुधारला, ही या वाटेची मला सर्वांत आवडलेली बाजू.

आकडे जुळवताना शेवटच्या अंकापर्यंत हट्ट धरू नका. बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात, आणि ओपनब्लास ही आकडेमोडीची लायब्ररी तर प्रोसेसर पाहून वेगळा कोड निवडते. दोन लिनक्स मशीनमध्येही असा फरक दिसू शकतो. डबलमध्ये पंधराएक अंक भरवशाचे असतात, त्यामुळे फरक बाराव्या अंकात असेल तर मी चिंता करत नाही. चौथ्या अंकात दिसला तर थांबतो आणि कारण सापडेपर्यंत प्रोग्राम कोणाला देत नाही. बंदरावर होडी कधी लावायची हे त्या आकड्यांवरून ठरणार असतं.

तर निवड अशी. प्रोग्राम तुम्ही स्वतःच चालवणार असाल, कोड दर आठवड्याला बदलत असेल आणि मशीनला आठ जीबी रॅम असेल, तर डब्ल्यूएसएल घ्या, आणखी कशाच्या मागे लागू नका. प्रोग्राम दुसऱ्यांच्या हातात जाणार असेल तर एमसिस२वर दोन-तीन आठवडे घालवा. मालवणला आम्ही हीच बांधणी पाठवली, आणि सोबत पूर्ण महिन्याच्या नोंदीची फाइल व तिची लिनक्सवरची उत्तरं. तिथल्या सरांना सांगितलंय की प्रत्येक नव्या मशीनवर आधी ती चालवा, उत्तरं ताडून बघा, मगच मुलांना बसवा.