लय चढत जाते तेव्हा: लॉजिक, रीपर की लाइव्ह?

अभंग ठाय म्हणजे संथ लयीत सुरू होतो आणि गजरापर्यंत सहज दीडपट होतो. तो एकाच बीपीएमच्या (मिनिटाला ठरावीक ठोके) क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टकटकीवर गाऊन घेतला तर त्यातला प्राणच जातो. म्हणून भजनासाठी लॉजिक, रीपर किंवा लाइव्हसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेताना आधी ठरवा, लय कोण धरणार: पखवाजवाला की तुम्ही?

पखवाजवाला धरणार असेल, म्हणजे क्लिकशिवाय वाजवून घेऊन वर बेस आणि स्ट्रिंग्ज भरायच्या असतील, तर लॉजिक प्रो सर्वांत सोपं. २०१८मध्ये १०.४ आवृत्तीत आलेला ‘स्मार्ट टेम्पो’ ‘अडॅप्ट’ मोडवर ठेवला की प्रोजेक्टचा टेम्पो वादकाच्या मागे चालतो. ठेका दुप्पट किंवा निम्म्या लयीत ओळखला गेला, तर एडिटरमध्ये एका बटणात सरळ होतो. हुकलेल्या मात्रा मात्र हातानेच सरकवाव्या लागतात. आणि मॅक नसेल तर हा विषय इथेच संपला.

रीपर विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवरही चालतं. ६० दिवस वापरून बघता येतं, वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. इथे मेहनत तुमची, पण ताबाही पूर्ण तुमचा. सुरुवातीलाच प्रोजेक्टचा टाइमबेस, म्हणजे रेकॉर्डिंग वेळेला बांधायचं की मात्रांना ते ठरवणारी सेटिंग, ‘टाइम’वर करा. तो बीट्सवर राहिला तर टेम्पो बदलताच रेकॉर्ड केलेला ऑडिओही ताणला जातो. मग भजनी ठेक्याच्या आठ मात्रांचे ४/४चे दोन बार (चार-चार मात्रांचे गट) धरा. समेपासून (पहिली मात्रा) कालापर्यंतचा (पाचवी मात्रा) भाग निवडा आणि त्या निवडीवरून बार तयार करायची कमांड द्या. त्या बारचा टेम्पो आपोआप निघतो. कालापासून पुढच्या समेपर्यंत पुन्हा तेच. काम कंटाळवाणं आहे खरं, पण नंतर भरलेला बेस प्रत्येक समेवर पखवाजाबरोबर पडतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

लय तुम्हीच ठरवणार असाल, फ्यूजन किंवा इलेक्ट्रॉनिक काम असेल, तर एबलटन लाइव्ह घ्या. मेन ट्रॅकवर ‘साँग टेम्पो’चं ऑटोमेशन (वेळेनुसार बदलणारी रेघ) उघडायचं, दोन बिंदू टाकायचे, चढण तयार. मंचावर वाजवणाऱ्यांना तर प्रत्येक सीनला (एकत्र वाजणाऱ्या क्लिपांची ओळ) वेगळा टेम्पो देता येतो. वाजवून घेतलेली क्लिप ‘लीडर’ करून तिच्यामागे प्रोजेक्ट चालवायची सोयही आहे, पण त्याआधी वॉर्प मार्कर, म्हणजे ऑडिओतली मात्रा कुठे पडते ते दाखवणाऱ्या खुणा, नीट बसवावे लागतात. उलट वाटेने जाऊन तबल्यालाच ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या समान मात्रांच्या रेघांवर) ओढू नका. वॉर्पने जास्त ताणलं की डग्ग्याची घुमार फाटते, मोड कुठलाही निवडा.

मिक्सिंग दुसऱ्या स्टुडिओत होणार असेल तर लॉजिक किंवा रीपरमधून टेम्पोसकट मिडी फाइल (आवाज नाही, फक्त सूर-मात्रांच्या सूचना असलेली) काढून ट्रॅकबरोबर पाठवा. रीपरमध्ये एक्स्पोर्ट करताना टेम्पो सामील करायचा पर्याय टिक केलाय ना, तेवढं बघा.