कुबडा सॅल्मन: नदीत धरावा की समुद्रात?

विषम वर्षाचा जून लागला की नॉर्वेतल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात. "फिनमार्कला जातोय, गुलाबी सॅल्मन नदीत धरू की फ्योर्डच्या काठावरून?" फिनमार्क म्हणजे नॉर्वेचं उत्तर टोक, फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, आणि गुलाबी सॅल्मन म्हणजेच हा कुबडा. मी दोन्ही करून पाहिलंय. 2021 ला नदीत, 2023 ला समुद्रात.

कोकणात चढणीचे मासे पाहिलेल्या माणसाला नदीकाठी घरच्यासारखं वाटेल. फक्त इथले हे मासे उपरे. सोव्हिएत काळात पॅसिफिककडची अंडी आणून नॉर्वेला लागून असलेल्या रशियाच्या कोला द्वीपकल्पाच्या नद्यांत ह्यांची पिल्लं सोडण्याचं काम झालं, आणि 2017 पासून दर विषम वर्षी त्यांच्या झुंडी इकडे शिरतात. 2021 ला नॉर्वेच्या नद्यांतून लाखाहून जास्त निघाले, 2023 ला तीन लाखांहून जास्त. आयुष्य दोनच वर्षांचं, म्हणून सम वर्षी गेलात तर बहुधा हात हलवत परत याल.

नदीत गळ टाकला की मासा लागतो. मुलं बरोबर असतील तर तिकडेच जा. मादीची गाबोळीही टपोरी मिळते, आणि मूळच्या अटलांटिक सॅल्मनच्या जागेत घुसलेला एकेक कमी केल्याचं समाधान वेगळं. सरकारी शुल्क, त्या नदीचं कार्ड (म्हणजे मासेमारीचा परवाना) आणि गळाच्या सामानाचं निर्जंतुकीकरण, एवढं मात्र आधी उरकावं लागतं.

माझं गाडं अडलं ते कालवणात. अकरा मासे आणले होते. नरांच्या पाठीला कुबड, जबडा वाकडा, अंग हिरवट. म्हटलं, दिसायला कसा का असेना. आईच्या पद्धतीने ओलं खोबरं वाटलं, आमसूल घातलं, तुकडे सोडले. दुसऱ्या उकळीला पळी फिरवली तर तुकडेच नाहीत! बायको म्हणाली, "कालवण केलंयस की पिठलं?" गोड्या पाण्यात शिरल्यावर हा मासा खाणं सोडतो. अंगातली चरबी आणि मांस प्रवासात नि अंड्यांत खर्ची पडतं, उरतो तो भुसभुशीत गोळा.

समुद्रात काठावरून गळ टाकायला शुल्क नाही. पण पहिली संध्याकाळ कोरडी गेली, हे लपवत नाही. तीन संध्याकाळी मिळून चार मासे. चारही चांदीसारखे लखलखीत, आतून लालसर, घट्ट. लगेच रक्त काढून बर्फात ठेवले. कालवणात तुकडा शेवटपर्यंत तुकडाच राहिला. रावसाची सर नाही, पण तक्रारही नाही.

एक मात्र सांभाळा. समुद्रात दोन्ही सॅल्मन चंदेरीच दिसतात, त्यामुळे शेपटी बघा. कुबड्याच्या शेपटीवर मोठे लांबट काळे ठिपके असतात, अटलांटिकच्या नसतात. खवलेही याचे बारीक. नदीच्या मुखाजवळ बंदीचे पट्टे असतात, तिथले नियम निघण्याआधी वाचा.

तुमची आवड निराळी असू शकते, मी कोण सांगणारा. तरी नदीच गाठणार असाल तर जुलैच्या सुरुवातीला जा आणि कालवणासाठी चंदेरी तेवढेच बाजूला काढा. कुबड फुटलेल्यांचे कटलेट करा, मसाला सढळ हाताने घालून.