सायगॉनमधल्या मध्यम दराच्या हॉटेलात अकरा आठवडे

जून ते ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीच्या कामासाठी व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह सिटीत राहिले. तिथली माणसं अजूनही सायगॉनच म्हणतात. हॉटेल तीन-तारांकित, नऊ मजली, बेन थान मार्केटपासून पायी सात-आठ मिनिटांवर. नाश्त्यासकट रोजचं भाडं साडेआठ लाख डोंग, म्हणजे साधारण २,८०० रुपये. महिन्याचा दर मागितल्यावर साडेसहा लाखांवर आलं, तेव्हा जास्त दिवस राहणार असाल तर नक्की विचारा.

सगळ्यात आधी खिडकीबद्दल सांगते, कारण माझा पहिला आठवडा तिच्यापायीच गेला. इथल्या जुन्या इमारती रस्त्याकडून जेमतेम चार-पाच मीटर रुंद आणि आत लांबच लांब. पुढच्या खोल्यांना रस्ता मिळतो, मागच्यांना गल्ली, आणि मधल्यांना काहीच नाही. मला पहिल्या चार रात्री मधली खोली मिळाली. पडदा सरकवला तर मागे भिंत. सकाळ झाली की नाही ते मोबाईल बघून कळायचं, धुतलेला रुमाल दोन दिवस ओलाच. मग पुढची खोली घेतली, तर पहाटे साडेपाचपासून स्कूटरींची धार सुरू. शेवटी सहाव्या मजल्यावरची मागची खोली मिळाली आणि तिथेच शेवटपर्यंत राहिले. खाली अरुंद गल्ली, तिला ‘हेम’ म्हणतात. सकाळी कुणी अंगण झाडतंय, कुणी छोट्या प्लास्टिकच्या स्टुलांवर कॉफीचा धंदा मांडतंय. शनिवारी रात्री कराओके असायचं, पण दहानंतर शांत. बुकिंग करताना ‘खिडकी बाहेर उघडते का’ हा प्रश्न लेखी विचारा. फोटोवरून ते कळत नाही.

एसी, गरम पाणी, वायफाय यांची तक्रार नाही. आपला दोन गोल पिनांचा चार्जर भिंतीत बसतो, लॅपटॉपची जाड तीन-पिनी बसत नाही. पोलिसांकडे नोंद करायला पासपोर्ट घेतात. नोंद झाली की लगेच परत मागून घ्यावा. कपडे हॉटेलात देऊ नका, गल्लीत किलोवर धुऊन मिळतात.

मी शाकाहारी आहे. नाश्त्याला फळं, अंडी, पाव असायचा, पण फोच्या, म्हणजे नूडल्सच्या सूपच्या, पातेल्यात हाडांचा रस्सा आणि भाज्यांवर न्युओक माम, म्हणजे माशांचा सॉस. ‘चाय’ हा एक शब्द पाठ केला आणि सगळं सोपं झालं. चाय म्हणजे बौद्धांचं शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला इथले बरेच लोक चाय खातात, आपल्याकडे एकादशी धरतात तसं. स्वयंपाकघरातल्या मावशींना हे कळल्यावर त्या माझ्यासाठी टोफू आणि मशरूमचा रस्सा वेगळ्या भांड्यात काढून ठेवायच्या, रोज, न सांगता.

कामाची जागा हाय-टेक पार्कात होती. बेन थान ते सुओइ तिएन ही शहरातली पहिली मेट्रो २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, १४ स्थानकं. तिच्यामुळे हॉटेलची जागा सोन्यासारखी ठरली. संध्याकाळच्या पावसात स्कूटरवर भिजत जाणारे सहकारी बघायची, तेव्हा तर फारच. १ जुलै २०२५ पासून शहरातले जिल्हे रद्द झाले, पण पत्ता सांगताना अजूनही ‘पहिला जिल्हा’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

एक प्रसंग सांगायलाच हवा. तिथली वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या. खोली आवरणाऱ्या ताईंसाठी मी उशीवर वीस हजार ठेवायची. एका सकाळी घाईत पाच लाखांची ठेवली गेली, म्हणजे सुमारे १,६५० रुपये. संध्याकाळी परतले तर त्या ड्युटी संपूनही खाली थांबल्या होत्या. नोट दोन्ही हातांनी पुढे धरली आणि ‘एम’ म्हणाल्या, म्हणजे धाकटी बहीण. तिथे वयावरून असंच हाक मारतात. त्यानंतर मीही त्यांना ‘ची’, म्हणजे ताई म्हणू लागले. निघायच्या दिवशी विमान रात्रीचं होतं, तर मला दुपारपर्यंत राहता यावं म्हणून माझी खोली त्यांनी शेवटी आवरायला ठेवली होती.