स्वस्तातला ओपन सोर्स हँडहेल्ड, आठ महिने वापरल्यानंतर

हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारं छोटं लिनक्स डिव्हाइस, घ्यायच्या आधी पहिली गोष्ट बघा, त्यावर मेनलाइन कर्नल चालतो का, म्हणजे लिनक्सचा मूळ अधिकृत गाभा, बनवणाऱ्यांनी बदललेला नाही. रॅम, स्क्रीन, कॅमेरा हे सगळं नंतर. मला हे दुसरं डिव्हाइस घेताना कळलं. पहिलं घेतलं तेव्हा जाहिरातीत 'लिनक्स चालतं' असं लिहिलं होतं आणि चालत होतंच, पण कर्नल होता ४.४, म्हणजे २०१६ सालचा, तोही बनवणाऱ्यांनी स्वतःचे पॅच मारून ठेवलेला, वायफायचा ड्रायव्हर बंद बायनरी, म्हणजे सोर्स न दिलेली तयार फाइल, आणि इमेज, म्हणजे टाकायची अख्खी सिस्टम, एकच, ती बदलली की टच गेला नाहीतर आवाज गेला. लिनक्सचा कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याखाली येतो, त्यामुळे आपण सोर्स मागितला तर डिव्हाइस विकणाऱ्याने तो द्यायलाच हवा, मी तीन मेल पाठवले, उत्तर नाही. हार्डवेअर चांगलं होतं हो! दुसऱ्यापेक्षा वेगवान होतं. पण अपडेट येणारच नाही म्हटल्यावर त्या वेगाचं करायचं काय, आज ते ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून यावेळी उलटं केलं. आधी पोस्टमार्केटओएस, म्हणजे फोनसारख्या डिव्हाइससाठीची लिनक्स सिस्टम, तिच्या विकीवर डिव्हाइसचं पान उघडलं, तिथे टेबल असतं, टच, ऑडिओ, वायफाय, ब्लूटूथ, बॅटरी, स्लीप, काय चालतं काय अर्धवट चालतं सगळं लिहिलेलं. ज्याचे रकाने भरलेले दिसले तेच घेतलं. ३ जीबी रॅम, चार कोअर, माली-४०० ग्राफिक्स, कागदावर अगदीच साधं. पण या मालीसाठी लीमा नावाचा ड्रायव्हर आहे, लोकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून, म्हणजे चिप कशी चालते ते बाहेरून शोधून, लिहिलेला, २०१९ मध्ये ५.२ कर्नलमध्येच आला, त्यामुळे नवीन कर्नल टाकला तरी ग्राफिक्स चालू राहतं, कुणाकडे फाइल मागत बसायची गरज नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे बूट कुठून होतं. माझं आधी एसडी कार्ड बघतं, कार्ड नसेल तरच आतल्या मेमरीतून उठतं. हे किती कामाचं आहे ते दोन महिन्यांनी कळलं, मी हौसेने एज शाखेवर गेले होते, म्हणजे जिथे रोज नवीन पॅकेज येतात ती, आणि एका रात्री अपडेटनंतर स्क्रीन काळी. कार्डवर दुसरी इमेज टाकली, उठवलं, आतला डेटा कॉपी केला, स्थिर आवृत्ती टाकली, तासाभरात काम झालं. रोजच्या वापराला स्थिर आवृत्तीच घ्या, एज फक्त प्रयोगाला. आणि कार्ड घेतल्या घेतल्या एफ३ नावाच्या प्रोग्रॅमने तपासा, बनावट कार्ड खूप असतात, लेबलवर एक साइज आणि आत भलतीच.

आता मराठीचं सांगते कारण हे कुठेच धड लिहिलेलं सापडलं नाही. नवीन इमेजवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसले, नोटो देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाकलं की ते गेले. मी वापरते त्या फॉश या टचस्क्रीन इंटरफेसमध्ये टायपिंगसाठी स्क्वीकबोर्ड नावाचा स्क्रीनवरचा कीबोर्ड आहे, त्याचे लेआउट यामल नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये असतात, एका ओळीत एक रांग, अक्षरांमध्ये स्पेस, बस. मी स्वतःचा लेआउट लिहिला, होम फोल्डरमध्ये टाकला, चालला! काना-मात्रा एकट्या बटणावर ठेवल्या की ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, घाबरू नका, टाइप करताना अक्षराला बरोबर लागतात. मध्ये महिनाभर फॉशऐवजी एसएक्समो हा दुसरा इंटरफेस वापरून बघितला, खूप हलकं आहे, व्हॉल्यूमच्या बटणांवर सगळं चालतं आणि या हार्डवेअरवर ते पळतं, पण त्याच्या कीबोर्डचा लेआउट बदलायचा तर सी कोड बदलून पुन्हा कंपाइल करावं लागतं, म्हणून परत फॉशवर आले. बाहेरचा कीबोर्ड जोडला तर मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कागप फोनेटिक पण आहे, दोन्ही मस्त. फक्त टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, जोडाक्षरं फुटतात कारण तिथे प्रत्येक अक्षराला ठरलेला चौकोन असतो, त्यामुळे मराठी नोंदी मी एडिटरमध्येच लिहिते.

रोज काय करते? नोंदी, एसएसएचने दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून काम, केओरीडरवर वाचन, सिंकथिंगने लॅपटॉपशी फाइल्स जुळवणं. हे सगळं मजेत होतं. ब्राउझर मात्र जड, तीन टॅबपर्यंत ठीक, पुढे हात भाजेल इतकं गरम होतं आणि अडखळतं. व्हिडिओचं नाव काढू नका. कॅमेरा आहे असं म्हणायचं. बँकेची वगैरे ॲप पाहिजे असतील तर हे तुमच्यासाठी नाही, सरळ सांगते, माझ्याकडे त्यासाठी वेगळा फोन आहे.

अजून एक अडचण, पोस्टमार्केटओएस अल्पाइन या लिनक्सवर आधारलेलं आहे आणि प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी अल्पाइनमध्ये नेहमीची ग्लिबसी नसून मसल आहे, त्यामुळे इकडून तिकडून उतरवलेले तयार प्रोग्रॅम बरेचदा चालतच नाहीत. फ्लॅटपॅकने, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी सोबत घेऊन येणाऱ्या पॅकेजने, काम होतं पण ते जागा खातं. हा त्रास नको असेल तर डेबियन या लिनक्सवर आधारलेलं मोबियन बघा, आधी सांगितलं तसं कार्डवर टाकून चार दिवस वापरा, आतलं काही हलवायची गरज नाही.

बॅटरी स्क्रीन चालू ठेवून चार-साडेचार तास जाते, झोपवून ठेवलं तर दिवस निघतो. पण मागचं झाकण नखाने उघडतं आणि बॅटरी बाहेर येते, म्हणून दुसरी बॅटरी घेतलीय, बॅगेत असते. गेल्या आठवड्यात नवीन स्थिर आवृत्तीवर गेले, वायफाय, टच, आवाज सगळं जसंच्या तसं, लेआउटची फाइलपण तशीच चालली, फक्त मी त्यात 'ऱ्य' चा अर्धा र विसरले होते तो आता टाकला.