मानेबाईंचे पंधरा महिने : जिराफ दत्तक घेतल्यानंतरचा अनुभव

मादी जिराफ पिल्लाला साधारण १५ महिने पोटात वागवते. मीही एका मादी जिराफाच्या नावाने तेवढेच महिने पैसे भरते आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. सहाव्या महिन्यात एकच दिला असता, तोही रागारागाने. आज साडेतीनवर येऊन थांबले आहे.

सुरुवात मुलीच्या आठव्या वाढदिवसाला झाली. खेळण्यांचा ढीग वाढवायचा नाही म्हणून एका वन्यजीव संस्थेची दत्तक योजना घेतली. (संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. खालच्या बऱ्याचशा तक्रारी अशा योजनांना सरसकट लागू पडाव्यात.) यादीत हत्ती होता, वाघ होता. मुलगी म्हणाली, "त्यांना सगळेच घेतात गं आई." म्हणून जिराफ.

खरं सांगायचं तर जिराफ संकटात आहे हेच मला माहीत नव्हतं. लहान मुलांच्या चादरींवर, पडद्यांवर, दुपट्यांवर जिकडेतिकडे जिराफच असतात, तसे जंगलातही ढिगाने असतील असं धरून चालले होते. प्रत्यक्षात आफ्रिकेत हत्तींपेक्षा जिराफ कितीतरी कमी आहेत. १९८५ च्या सुमारास दीड लाखाच्या वर असलेली संख्या २०१५ पर्यंत लाखाच्या खाली आल्याचा अंदाज निघाला आणि २०१६ मध्ये त्यांचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून चढलं. त्यातही सगळ्यांची स्थिती सारखी नाही. आम्ही निवडलेला न्युबियन जिराफ २०१८ पासून 'अतिसंकटग्रस्त' गटात आहे.

तर आमच्या वाट्याला आली युगांडातल्या मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानातली एक मादी. पाकिटात एक प्रमाणपत्र, एक मऊ खेळणं आणि उजव्या कुशीचा एक मोठा फोटो होता. नाव नव्हतं, नुसता क्रमांक. मुलीने त्या मानेकडे बघून तिचं नाव 'मानेबाई' ठेवलं आणि शाळेतल्या बाईंबद्दल बोलावं तशी तिच्याबद्दल बोलायला लागली. मानेबाई आज काय खात असतील? मानेबाई झोपतात कधी? (फार कमी झोपतात. जंगलात तर तुकड्यातुकड्यांनी डुलक्या, त्याही बऱ्याचदा उभ्यानेच.)

पहिली ठेच 'दत्तक' या शब्दाला लागली. आपला असा समज होतो की आपले पैसे त्याच जनावरावर खर्च होतात. तसं नसतं. त्याच मानेबाईंचे आणखी कितीतरी पालक असतात आणि पैसे एका सामायिक खात्यात जाऊन गस्त, पशुवैद्य, गाडीचं इंधन, मोजणी यांवर खर्च होतात. मला विचाराल तर हेच बरोबर आहे. रानातल्या जिराफाला कुणी चारा घालत नाही की गोठा बांधत नाही. त्याचा 'खर्च' म्हणजे त्याच्या वाटेतले तारेचे फास काढणं. पण हे योजनेच्या पानावर वरच ठळक लिहा ना! तळाशी बारीक अक्षरात कशाला? मी ते तिसऱ्या महिन्यात वाचलं आणि फसवल्यासारखं वाटलं. फसवणूक नव्हती, पण वाटलं खरं.

मग सहाव्या महिन्यातला प्रकार. दर चार महिन्यांनी पत्र येणं अपेक्षित होतं, ते दोन महिने उशिरा आलं. त्यात 'तुमच्या जिराफाचा ताजा फोटो' होता. मुलीने तो भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला आणि म्हणाली, "आई, या मानेबाई नाहीत." मी चष्मा लावून बघितलं. पहिल्या फोटोत खांद्याजवळ एक ठिपका होता, पिंपळाचं पान मधोमध फाटावं तसा. नव्या फोटोत त्या जागी दोन चौकोनी ठिपके, मध्ये मळकट पांढरी रेघ. मांडीवरची नक्षीही पार वेगळी. माझं डोकंच फिरलं. कुठलाही फोटो चिकटवून पाठवतात, कोण बघतंय! चांगलं लांबलचक, धारदार पत्र लिहिलं आणि दोन्ही फोटोंवर लाल गोल करून सोबत जोडले.

दोन दिवसांत उत्तर आलं, तेही माणसाने लिहिलेलं: तुमचा पहिला फोटो उजव्या कुशीचा आहे, हा डाव्या कुशीचा.

जिराफाच्या दोन्ही बाजूंची नक्षी वेगवेगळी असते. ती जन्मभर कायम राहते आणि एकाची दुसऱ्याशी जुळत नाही, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. म्हणून मोजणीला निघालेले लोक होता होईतो ठरलेल्या एकाच बाजूचा फोटो घेतात, नाहीतर एकच जिराफ दोनदा मोजला जायचा. मग संगणक तो फोटो जुन्या फोटोंशी ताडून बघतो. रंग वयाप्रमाणे गडद होऊ शकतो, आकार मात्र तोच. नव्या फोटोत तोंड कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा मी रागाच्या भरात पाहिलं नव्हतं. मुलगी दोन दिवस हसत होती. नंतर तिनेच शोध लावला की पाकिटातून आलेल्या खेळण्यावर दोन्ही बाजूंना हुबेहूब एकच नक्षी छापली आहे.

या फजितीनंतर मी पत्रं नीट वाचायला लागले. त्यातलं दहाव्या महिन्याचं पत्र एकटंच अख्ख्या वर्षाचे पैसे वसूल करणारं होतं. मानेबाईंबद्दल त्यात एक ओळही नव्हती. मागच्या पायात तार रुतलेल्या एका दुसऱ्याच मादीची ती हकीकत होती. हे फास मुळात हरणांसाठी, रानम्हशींसाठी लावलेले असतात, बरेचदा जुन्या टायरमधून काढलेल्या तारेचे. जिराफाचा पाय त्यात अडकतो, तो हिसडा देऊन तार तोडतो आणि उरलेलं कडं पायात घेऊन फिरतो. दर पावलागणिक ते आत जातं.

आता ते काढायचं कसं? जिराफाला भूल देणं भारी जोखमीचं. जवळपास ११ किलोचं हृदय आणि माणसाच्या दुपटीच्या आसपास रक्तदाब, तेव्हा त्याला भुलेत फार वेळ आडवं ठेवून चालत नाही. म्हणून बंदुकीतून औषधाची सुई मारतात, जनावर लडखडायला लागलं की दोर आडवे लावून पाडतात आणि पडताक्षणीच भूल उतरवणारं इंजेक्शन देतात. म्हणजे पुढची सगळी शस्त्रक्रिया जाग्या जिराफावर. डोळ्यांवर कापड, कानांत बोळे आणि मानेवर तीन-चार माणसं बसलेली. जिराफाला उठायचं तर आधी मानेचा झोका घ्यावा लागतो. मान दाबून धरली की त्याचं काही चालत नाही. तेवढ्यात पकडीने तार कापायची, जखम धुवायची आणि सगळ्यांनी एकदम बाजूला व्हायचं. पत्रातल्या फोटोत मानेवर बसलेल्या एका माणसाची चप्पल निसटून गवतात पडलेली दिसत होती. तो फोटो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

याच उद्यानातून २०१६ मध्ये १८ जिराफ नावेतून नाईलच्या दक्षिण तीरावर नेले होते. तोवर उद्यानातले सगळे जिराफ उत्तर तीरावर आणि खनिज तेलाचे साठेही तिकडेच, म्हणून दुसऱ्या तीरावरही एक कळप असावा हा हिशेब. अशा प्रयत्नांना फळ येतं याचा दाखला नायजरमध्ये आहे: १९९० च्या दशकाच्या मध्यावर पश्चिम आफ्रिकी जिराफ अवघे ४९ उरले होते, आज ६०० च्या वर आहेत. माझ्या हप्त्याने तिथे काही झालं असा दावा नाही. तेव्हा मी शाळेत होते.

आता पैशांचं. हप्ता आपोआप कापला जातो, आणि वर्ष संपल्यावर न विचारता पुढचं वर्ष सुरू झालं. आधी एक साधा निरोप आला असता तर मी हो म्हटलंच असतं. न विचारता झालं म्हणून चीड आली. बंद करायचं बटण शोधायला मला अर्धा तास लागला, आणि ते सापडल्यावर मी बंद केलंच नाही ही गोष्ट वेगळी. खेळणं नको असेल तर तसा पर्याय आहे, पण तोही शोधावा लागतो. दूर कुठेतरी बनलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं खेळणं जिराफ वाचवायला कशाला हवं? मी दुसऱ्या वर्षी ते नाकारलं. हिशेबाचा वार्षिक अहवाल मिळतो, पण त्यात 'संवर्धन कार्य' असा एकच मोठा आकडा आहे. गस्तीला किती, प्रचाराला किती, हे फोडून सांगितलेलं नाही. दीड तारा इथेच गेला.

मुलाला दर आठवड्याला काहीतरी गंमत हवी असेल तर हे घेऊ नका. जिराफ रोज काही करत नाही. खातो, रवंथ करतो, उभा राहतो. आणि भेट म्हणून देणार असाल तर घेणाऱ्याला आधीच सांगा की हे जनावर त्याचं एकट्याचं नाही. आमच्याकडे ते नंतर समजावताना रडारड झाली होती.

चौदाव्या महिन्याच्या पत्रात मानेबाईंच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं : 'या फेरीत दिसली नाही'. मी विचारलं. उत्तर आलं की एका फेरीत सगळे कधीच सापडत नाहीत, पुढची मोजणी पावसानंतर. मुलीला मी तेच सांगितलं. तिने भिंतीवरचा उजव्या कुशीचा फोटो काढला, त्याच्या पाठीवर डाव्या कुशीचा चिकटवला आणि दोऱ्याने खिडकीत टांगला. वारा आला की मानेबाई कूस बदलतात.